मामाचं हसू

स्क्रँटन, २ मार्च १९८६

चि. कॅझिमिर यास,
अ. उ. आ. वि. वि.

इकडे सगळे बरे. गुडघा तेवढा कुरकुरतो आहे, आणि त्याच्यापायीच हे काम तुझ्या गळ्यात घालते. तुझी भाची बर्नडेट सोमवारी, दहा तारखेला, तुमच्या न्यूयॉर्कच्या त्या कॉमेडी क्लबात परीक्षेला उभी राहणार आहे. सात मिनिटे एकटीने लोकांना हसवायचे. मालकीणबाईंनी पास केले तर दर आठवड्याला कार्यक्रम. नाही तर मुकाट्याने घरी येऊन इथल्या दातांच्या डॉक्टरांकडे नोकरी धरीन, असा तिने मला शब्द दिला आहे. खरे सांगू? ती परत आलेली मला हवीच आहे. पण पोरगी तिथे उभी राहील आणि समोर आपले कोणी नसेल, हे मनाला पटेना. तेव्हा तू जा.

फक्त तुझे ते हसणे आवर. आपल्या व्हेराच्या लग्नात तू चर्चमध्ये हसलास तेव्हा ऑर्गन वाजवणारी बाईसुद्धा थांबली होती. चारचौघांत पोरीची शोभा नको.

पोचल्याचे कळवण्याइतकी माया ठेव.
तुझी ताई,
स्टेला

क्वीन्स, ११ मार्च १९८६

ती. स्टेलाताईस,
शि. सा. न. वि. वि.

आधीच सांगतो, माझ्या हातून घोटाळा झाला. रागाव, पण पत्र पूर्ण वाच.

मी पुढच्याच टेबलाशी बसलो. दोन पेये घेतल्याशिवाय तिथे बसू देत नाहीत, म्हणून दोन्ही वेळा बिनदारूचे जिंजर एल मागवले, तर वाढणाऱ्या बाईने मला देवमाणूस समजून एक उसासा टाकला. परीक्षेच्या दिवशी जो तो आपापली माणसे घेऊन येतो. ही माणसे आपल्याच गड्याला हसतात, दुसऱ्याच्या वेळी हाताची घडी. आपल्या बर्नाचे माणूस म्हणजे मी एकटा, आणि मी तुझा शब्द पाळायला तोंडात रुमाल कोंबून बसलेलो.

ती तुझ्याबद्दलच बोलत होती. म्हणे, आई फोनवर आधी कोण वारले ते सांगते, मग हवापाणी. कोणी वारले नसेल तर म्हणते, आज काही विशेष नाही. ताई, माझ्या बरगड्या दुखायला लागल्या, पण मी हूं की चूं केले नाही. बाकी सभागृह थंडगार. पोरीचा आवाज बारीक होत गेला. मागे मालकीण मिसेस गॅफनी घड्याळ बघत होती.

मग बर्ना थांबली, माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, “मामा, काढ तो रुमाल. लोकहो, हा माझा मामा. याला आमच्या घरात हसायची बंदी आहे.”

सुटलो मग. खुर्चीवरून घसरलो, शेजारच्याचा ग्लास पाडला. तेवढ्यात मागे लाल दिवा लागला, म्हणजे एकच मिनिट उरले. तिची वेळ माझ्या हसण्यात गेली. लाजेने मी तसाच उठून, तिला न भेटताच निघून आलो. ती घरी परतली तर दोष माझा.

तुझा लोभ आटू नये एवढेच मागतो.
कॅझिमिर

न्यूयॉर्क, १३ मार्च १९८६

ती. मामास,
सा. न. वि. वि.

पळालास का? मी तुला रस्त्यावर दोन चौकांपर्यंत शोधलं.

आधी मला वाटलं, तुझ्या घशात काही अडकलंय. मग ओळखलं, ही आईची करामत. तू हसलास आणि तुला बघून शेजारचा हसला, मग सगळेच. मिसेस गॅफनीनं हसून हसून टेबलावर डोकं टेकलं, आणि स्वतः उठून लाल दिवा बंद करून मला हातानंच खुणावलं, चालू दे. मी आणखी सहा मिनिटं बोलले. मामा, मी पास झाले. दर गुरुवारी, आठ वाजता.

तुला एक कधीच सांगितलं नव्हतं. माझ्या शाळेच्या नाटकात आईनं तुला बाहेर व्हरांड्यात बसवलं होतं ना? मला खिडकीतून तुझं हसू ऐकू येत होतं. तेव्हाच ठरवलं, मोठेपणी हाच उद्योग करायचा. तुझे आभार कसे मानू, मला खरंच कळत नाही.

आशीर्वाद असाच मोठ्यानं असू दे.
तुझी,
बर्ना

स्क्रँटन, १८ मार्च १९८६

चि. कॅझिमिर यास,
अ. उ. आ. वि. वि.

तुझे पत्र आणि तू पाठवलेले बर्नाचे पत्र, दोन्ही पोचली. मी ती चारदा वाचली.

बाबा खाणीच्या अपघातात गेले, त्या हिवाळ्यात आपल्या घरात हसणारा तू एकटा होतास. नऊ वर्षांचा. आईसुद्धा तुझ्याकडे बघून घासभर जेवायची. आणि मी, शेजारी काय म्हणतील म्हणून, तुला दटावून गप्प केले. तेव्हापासून दटावतेच आहे. चुकले माझे.

सोमवारी तू माझा शब्द पाळून बसला असतास, तर पोरगी आज इथे स्वयंपाकघरात असती. मला आनंद झाला असता, आणि तो तिचे मन मारून झाला असता, हे मला कळलेसुद्धा नसते. शब्द मोडलास ते फार बरे केलेस.

जिव्हाळा आहेच, तो वाढू दे.
तुझी,
स्टेला