थंड, अबोल, खानदानी

३ नोव्हेंबर, सकाळ
आज कंपनीनं मला पर्सनॅलिटी दिली. थंड, अबोल, खानदानी. आमच्या पाचजणांच्या नाचगाण्याच्या ग्रुपमध्ये कोणी कसं दिसायचं हे प्यो मॅडम ठरवतात. म्हणाल्या, रुईन, कॅमेऱ्यासमोर शक्यतो तोंड उघडू नकोस. बाईंनी मला बरोबर ओळखलंय. ग्रुपमधल्या सगळ्यात धाकट्या दोयुलला 'वेंधळा' दिलंय. बिचारा.
रुईन हे नावसुद्धा कंपनीचंच. खरं नाव बोंग-सू, मोकपो बंदरातल्या सुकटवालीचा मुलगा. हे या वहीबाहेर जाता कामा नये.

संध्याकाळ
अबोलपणा म्हणजे काय ते दोयुलला सविस्तर समजावलं. त्याला मध्येच झोप लागली.

९ नोव्हेंबर
फॅन लोकांना सह्या द्यायचा कार्यक्रम. एका मुलीनं विचारलं, जेवलास का? मी उत्तर न देता खिडकीबाहेर बघितलं. खिडकी नव्हती, तळलेल्या कोंबडीचं पोस्टर होतं. पण नजर पोचली. ती सरळ दोयुलकडे गेली. भारावली असणार.
दोयुलनं चुकून स्वतःच्याच बाहीवर सही केली. लोक हसून लोळत होते. स्वस्त करमणूक.

१४ नोव्हेंबर
मामला गंभीर आहे. जानेवारीत करार संपतोय. टीव्हीवरच्या गप्पांच्या शोमध्ये ज्याला कायमची खुर्ची मिळेल, त्याचाच करार वाढणार. बाकीच्यांनी घरी जायचं. घरी म्हणजे मी मोकपोच्या गच्चीवर सुकट उलटत बसणार. सोलला येऊन इतकी वर्षं नाचलो ते त्यासाठी नाही. फार भीती वाटते.
दोयुलला म्हटलं, मला कसलीच काळजी नाही. तो म्हणाला, दादा, तू स्वेटर उलटा घातलायस. म्हटलं, फॅशन आहे.

१६ नोव्हेंबर
प्लॅन तयार. त्या शोमध्ये सगळ्यांसमोर पाहुण्याच्या आईला फोन लावतात. आया काहीही बोलून जातात आणि पोरांचं वाटोळं होतं. माझं होणार नाही. आईला फोनवर सगळं सांगून ठेवलं. आमचा मुलगा लहानपणापासून कमी बोलायचा. मग थोडं थांबायचं. एक उसासा. तासन्‌तास समुद्राकडे बघत बसायचा. इथे आवाज जरा कातर. घरात मोठं वाचनालय आहे.
आई म्हणाली, अरे, मेलं वाचनालय कुठून आणू? आणि समुद्र कसला, तू तर सुकट चोरणाऱ्या मांजरांशीसुद्धा गप्पा मारायचास.
म्हटलं, अगं, ही कला आहे. मी सांगतो ते तस्संच म्हण, एक शब्द गाळू नकोस. म्हणाली, बरं बाबा, घोकते.

२२ नोव्हेंबर
आईचा फोन. सगळं पाठ झालंय, म्हणून दाखवू का? म्हटलं, गरज नाही. फेशियलला उशीर होत होता. शिवाय माणसावर विश्वास टाकावा.

२८ नोव्हेंबर, शूटिंगआधी
केस झाले. हनुवटी वर. नाश्ता केला नाही, खानदानी माणसाला भूक नसते. दोयुलचा डबा तेवढा संपवला.

शूटिंगनंतर
लिहवत नाही.

थोड्या वेळानं
फोन लागला. आई एका दमात म्हणाली, आमचा मुलगा लहानपणापासून कमी बोलायचा, मग थोडं थांबायचं, एक उसासा, तासन्‌तास समुद्राकडे बघत बसायचा, इथे आवाज जरा कातर, घरात मोठं वाचनालय आहे.
सूत्रसंचालक हसता हसता खुर्चीवरून खाली गेले. वर येऊन त्यांनी विचारलं, हे कोणी शिकवलं? आई म्हणाली, अहो, आमच्या बोंग-सूनंच. तिकडे म्हणे तो बोलत नाही, बरं नाही का त्याला? घरी तर त्याच्या बडबडीनं माझं डोकं उठतं. मग तिनं सूत्रसंचालकांनाही झापलं, की तुम्ही वाळलायत, नीट जेवा.
मी चेहरा शेवटपर्यंत थंड ठेवला. डोळ्यांतून पाणी आलं ते लाइटमुळे.

३ डिसेंबर
प्यो मॅडमचा फोन. शो तुफान चालला. खुर्ची मिळाली! शेवटी माझाच प्लॅन कामी आला. मॅडम म्हणाल्या, आईला घेऊन ये.

९ डिसेंबर
खुर्ची आईला मिळाली.
तिची पर्सनॅलिटी ठरवायला मीटिंग झाली. आई म्हणाली, मी आहे ती बरी आहे, आणि सगळ्यांना सुकटीच्या पुड्या वाटल्या. सही करण्याआधी एकच अट घातली, पोरालाही ठेवून घ्या. म्हणून माझा करार वाढला. मी तिच्या शेजारी बसायचं. काही बोलायचं नाही.
म्हणजे पर्सनॅलिटी तीच राहिली. कंपनीला ती सोडवत नाही.

२० डिसेंबर
आईच्या सह्यांचा कार्यक्रम. रांग जिन्यापर्यंत. मी पेनांची टोपणं काढून देतो.
मागच्या कार्यक्रमातली ती मुलगी आली. आईची सही घेतली आणि मला विचारलं, जेवलास का? मला खूप काही सांगायचं होतं. तोंड उघडलं तोच आई म्हणाली, बोंग-सू, रांग खोळंबलीय, गप्प बस.
पुढच्या पेनाचं टोपण काढलं. समोर तेच कोंबडीचं पोस्टर. बघत राहिलो. मुलगी भारावली असणार.
जेवलो नव्हतो.