दुधासोबतची गोळी

आप्पा,

या पत्रात मला एवढेच सिद्ध करायचे आहे की तुमची कंपवातावरची गोळी निरुपयोगी ठरली, हा माझा निष्कर्ष चुकीचा होता. आयुष्यभर तर्कशास्त्र शिकवलेल्या माणसाने तो काढला, म्हणून त्याची फेरतपासणीही त्यानेच करावी.

आपले स्वयंपाकघर आठवते. तुमचा उजवा हात मांडीवर थरथरतो आहे, अंगठा आणि तर्जनी न दिसणारा मणी फिरवत आहेत. मी गोळी पुढे करतो आणि सोबत पेलाभर गरम दूध, कारण रिकाम्या पोटी औषध घेऊ नये, हा आपल्या घरचा नियम. "गोळीपेक्षा दूधच गुणकारी दिसतंय," तुम्ही हसून म्हणता. महिने गेले, कंप तसाच राहिला. एका सकाळी कप हातातून निसटला आणि मी म्हणालो, "आप्पा, जरा नेट धरा की!" तुम्ही फरशीवरच्या चहाकडे पाहत उत्तर दिलेत, "नेट धरलाय रे. हात ऐकत नाही." त्याच आठवड्यात मी गोळ्या बंद करवल्या.

आता माझाही हात हलतो. स्टुटगार्टला मुलीकडे राहतो. वर्षभर मी औषध नाकारले; तुम्हाला गुण आला नाही, तर मला कसा येईल? शेवटी मुलगी म्हणाली, "बाबा, एका उदाहरणावरून नियम? वर्गात चालवून घेतलं असतंत?" मी डॉक्टरीणबाईंकडे गेलो. तुमची सारी हकिगत ऐकून त्यांनी मुलीमार्फत एकच प्रश्न विचारला: गोळी कशाबरोबर घेत असत? दूध म्हणताच त्यांचे पेन थांबले. त्यांनी समजावले, या आजारात मेंदूत डोपामीन नावाचे रसायन कमी पडते. ते बाहेरून दिले तर मेंदूत शिरत नाही, म्हणून ते जिथे तयार व्हायचे तिथे त्याचा कच्चा माल गोळीतून पोहोचवतात. दुधातली, डाळीतली प्रथिने त्याच दारात गर्दी करतात आणि औषध मागे राहू शकते. प्रत्येकाचा कंप गोळीला सारखीच दाद देत नाही, हेही त्यांनी बजावले. तेव्हा तुमचा हात स्थिर झालाच असता, असे मी म्हणू शकत नाही. गोळीची खरी परीक्षा आपण कधी घेतलीच नाही, एवढे मात्र सिद्ध होते.

आता गोळी पाण्याबरोबर, जेवणाआधी अर्धा तास. पहारा नातीचा. मराठी तिला सगळे समजते, उत्तर जर्मनमध्ये येते. परवा मी दह्याच्या वाटीकडे हात नेला, तिने घड्याळ दाखवत वाटीच ओढून घेतली. "नाइन, आजोबा!" म्हणजे 'नाही'.

"अगं, भूक लागलीय."

"आल्झो," म्हणजे 'तर मग', "पाणी प्या." पाण्याचे तेवढे तिने मराठीत सांगितले.

काल मी चहाचा कप बशीसकट ओट्यावरून टेबलापर्यंत स्वतः आणला. "सांडला नाही!" मुलगी म्हणाली. "काठोकाठ नव्हता," मी म्हणालो; नोंद अचूक असावी.

हे पत्र कुठे पाठवणार? टेबलाच्या खणात राहील. अक्षर बारीक झाले आहे, पण ओळ सरळ आहे. दूध हे अज्ञान होते, ते सगळ्या घराचे होते. "नेट धरा" हे शब्द मात्र माझ्या एकट्याचे, आणि ती माझी चूक, हे सहीनिशी कबूल करतो.

तुमचा थोरला