शेवटच्या रिळातली पाटी

मी, वामन लोटू असीरकर, वय वर्षे एकसष्ट, धंदा पेन्शनर मास्तर, राहणार इतवारा, बऱ्हाणपूर, जिल्हा निमाड, मध्यप्रांत व वऱ्हाड, हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहून ठेवतो ते असे. माझी बुद्धी ठिकाणावर आहे. एका डोळ्यात मोतीबिंदू आहे, पण अक्षर लागते. कोणी दडपण आणलेले नाही. दडपण आणावे इतका माझ्याशी कोणाचा संबंधच उरलेला नाही. मरणाची भीती वाटत नाही. हे शौर्य म्हणून लिहीत नाही. गेली बारा वर्षे मला कशाचीच भीती वाटत नाही, आणि तो एक आजार आहे असे माझे मत आहे.

१. माझा पुतण्या चि. मधुकर याला माझी सायकल, छत्री आणि पितळी घंगाळ द्यावे. घर त्याला नाही. त्याने आतापासूनच माडीच्या खिडक्या मोजायला सुरुवात केली आहे, ती थांबवावी.

२. माझ्या चोवीस वह्याही मधुकरलाच द्याव्यात. सन १९१९ पासून पाहिलेल्या प्रत्येक चित्रपटाविषयी माझे मत त्यांत लिहिलेले आहे. तो त्या रद्दीत घालील हे मला ठाऊक आहे, म्हणून मुख्य मते येथेच नोंदवतो, म्हणजे ती सरकारी दप्तरात तरी राहतील.

भुताच्या चित्रात भूत पहिल्याच रिळात आले तर उठून घरी जावे आणि गरम जेवावे. उलट्या पायांचे भूत दाखवणाऱ्याने आयुष्यात कधी भीती अनुभवलेली नसते. मोठ्या कंपन्यांच्या चित्रांत हत्ती असतात, महाल असतात, आणि पाहून घरी आल्यावर काहीही उरत नाही. याउलट एकट्या माणसाने हट्टाने काढलेले, पडद्यावर निम्मे अंधुक दिसणारे, तीन दिवसांत थिएटरातून उतरवलेले चित्र चौथ्या दिवशीही पाहायला येणारी दहा-अकरा माणसे प्रत्येक गावात असतात. आमच्या गावात ती होती. त्यांतला मी एक. आम्हाला लोक खुळे म्हणत, आणि आमची त्याला हरकत नव्हती.

मधुकर म्हणतो, "काका, आता जमाना बदलला. आता तं भूतबी गाना गातं." माझे म्हणणे तरी दुसरे काय आहे?

३. श्री. चुडामण पेटीवाले यांना मी काही ठेवलेले नाही. मूकपटाच्या काळात ते थिएटरात पडद्याखाली बसून पेटी वाजवत. चौदा वर्षांत एकदाही त्यांनी भुताच्या प्रवेशाला योग्य सूर लावला नाही. विहिरीतून हात वर येई आणि हे लग्नातली चाल वाजवत. विचारले तर म्हणत, "मास्तर, मले भेव वाटतं, म्हून वाजवतो." मृत्युपत्राच्या साक्षीदाराला त्यातून काही मिळू शकत नाही असा कायदा आहे. म्हणून त्यांना साक्षीदार केले आहे.

४. आता शेवटच्या रिळाविषयी. हे कलम लांब आहे. वाचणाराने कंटाळू नये.

शाळा सुटल्यावर मी शनवारा वेशीबाहेरच्या गिरधरशेठच्या थिएटरात वाचकाचे काम करीत असे. मूकपटात चित्राच्या मधेमधे पडद्यावर मजकूर येई. त्याला आम्ही पाटी म्हणत असू. गावात वाचता येणारे थोडे, बायकांत तर जवळजवळ कोणीच नाही. म्हणून पाटी आली की मी मोठ्याने वाचायची आणि सगळ्यांनी ऐकायची. माझा आवाज बायकांच्या कनातीपलीकडेही स्पष्ट जाई.

सन १९२६ च्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या सणाला, खानदेशातला एक माणूस आमच्या गावाबाहेरच्या लालबाग स्टेशनावर उतरला आणि आपले चित्र बैलगाडीत घालून गावात घेऊन आला. चित्राचे नाव 'पाण्याखालचे माहेर'. कॅमेरा त्यानेच फिरवलेला, पाट्या त्यानेच लिहिलेल्या, आणि विहिरीत उतरवलेली नायिका त्याची स्वतःची बायको. एक सून विहिरीत पडते. सासरचे तिचे दिवस करून मोकळे होतात. मग गावात ओली पावले उमटू लागतात, रिकामा झोका हलतो. भूत म्हणून दिसत काहीच नाही. शेवटच्या रिळात ती माहेरच्या दाराशी येते. आत तिचा बाप दाराला पाठ लावून उभा असतो. तेव्हा पाटी येते: "बाबा, दार उघडा. मी जिवंत आहे." त्यानंतर बंद दार दिसते, आणि चित्र संपते.

मी पाहिलेले भुताचे हे सर्वांत चांगले चित्र, कारण यात भूत नाही. भीती सगळी दाराच्या आतल्या बाजूला आहे.

गिरधरशेठ पहिला खेळ पाहून माझ्याकडे आले. "मास्तर, आखाजीचे दिन आहेत. पोरी माहेरी आल्यात. रोत रोत घरी गेल्या तं उद्या कोन येईल? आखरी में कुछ अच्छा बोल दो."

दुसऱ्या खेळापासून मी त्या पाटीवर असे वाचू लागलो: "बाबा, मी आता शांत झाले. तुम्ही सुखाने राहा." कनातीमागे बांगड्या वाजल्या. बायका पडद्याला हात जोडत होत्या. चित्र दुसरीकडे कुठेही चालले नाही, पण आमच्याकडे माहेरवाशिणी दर आखाजीला तेच मागू लागल्या. झोके झाले, गाणी झाली, की सगळ्या मिळून 'पाण्याखालचे माहेर'. अशी सात वर्षे मी ते खोटे वाचले. मला त्याचे काही वाटले नाही, उलट थोडा अभिमानच वाटला. लेखकापेक्षा माझा शेवट लोकांना आवडतो, असे मी वहीत लिहूनही ठेवले आहे. वही नववी.

एक गोष्ट माझ्या ध्यानातच आली नाही. कनातीमागे माझी बायको शारदा बसत असे, आणि तिच्या मांडीशी आमची एकुलती एक मुलगी विमल. पहिल्या आखाजीला ती नऊ वर्षांची होती. तिला वाचायला मीच शिकवले होते.

विमलचे लग्न तुकईथडला लावून दिले. सन १९३३ च्या आखाजीला तिला सासरच्यांनी पाठवले नाही. आदल्या दिवशी मात्र त्यांचा माणूस निरोप घेऊन आला, की पोरगी न सांगता घरातून निघून गेली, आम्हाला ती मेली. मी इतवाऱ्यातला मास्तर. ओट्यावर चार लोक बसलेले होते. मी म्हणालो, "आम्हालाही मेली म्हणून सांगा."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी दारावर थाप पडली. गल्लीत झोक्यांवर सगळ्यांच्या लेकी होत्या. शारदा उठली, तिचा हात कडीवर गेला. मी तो बाजूला केला आणि दाराला पाठ लावून उभा राहिलो.

बाहेरून विमल म्हणाली, "बाबा, दार उघडा. मी जिवंत आहे."

मी आतून काय बोललो ते येथे जसेच्या तसे लिहितो. मी म्हणालो, "शांत हो. आल्या वाटेने परत जा. सुखाने राहा."

मग ती हळूच म्हणाली, "बाबा, पाटीवर असं नव्हतं."

मग तिची पावले गेली. गल्लीतली झोक्याची गाणी थांबली नाहीत.

ती परत सासरी गेली नाही. खांडव्याला जाऊन शिकली आणि तेथील कन्याशाळेत शिक्षिका झाली. शारदा मला न सांगता दोनदा तिला भेटून आली. मला कळत होते, मी विचारले नाही. सन १९३८ साली शारदा गेली, तेव्हा विमल गल्लीच्या तोंडापर्यंत आली आणि तेथेच उभी राहिली. मी ओट्यावरून पाहिले. तिला हाक मारायची हे मला समजत होते. तोंड उघडले नाही. रडूही आले नाही. त्यानंतर मी भुताची पुष्कळ चित्रे पाहिली. अंगावर काटा येतो का, तेवढेच पाहायला जात असे. येत नाही.

बोलपट आले तेव्हा गिरधरशेठांनी जुनी रिळे ती वितळवून बांगड्या करणाऱ्यांना विकली. मला निरोपाचा नारळ देऊ लागले, तो न घेता मी त्या चित्राचे हे शेवटचे रीळ मागून घेतले. ते पत्र्याच्या डब्यात, पाण्याच्या रांजणामागे गार जागी आहे. हे रीळ मी चि. सौ. विमलला देतो. सौ. हा शब्द खोडलेला नाही. तो ठेवायचा की नाही हे तिने ठरवावे. डब्याजवळ दिवा, चिमणी, विडी नेऊ नये, कापरासारखे पेटते. यंत्राची गरज नाही. टोक उन्हाला धरले की पाटी नुसत्या डोळ्यांनी वाचता येते. विमल बरोबर होती आणि मी चूक होतो, याला एवढा पुरावा पुरे.

५. इतवाऱ्यातले राहते घर, भांडीकुंडी व पोस्टात असेल ते सर्व विमलचे. कोणी तिच्या सासरचे नाव काढून अडथळा आणल्यास त्याला कलम चार वाचून दाखवावे. समोरच्या दाराची आतली कडी आज सकाळी सुताराकडून काढून घेतली आहे. मधुकर म्हणतो, चोर येतील. येऊ देत.

६. मृत्युपत्र माणूस मेल्यावर वाचायचे असते हे मला माहीत आहे. तरी याची नक्कल आजच रजिस्टर पोस्टाने विमलला पाठवावी. पत्र लिहिता आले असते. पण ज्याने सात वर्षे लिहिलेले एक आणि वाचलेले दुसरे, त्याच्या पत्रावर तिने का भरवसा ठेवावा? दस्तात सही झाल्यावर कोणाला अक्षर फिरवता येत नाही. म्हणून विमल, हे येथे लिहितो. मी दार उघडायला हवे होते. येती आखाजी अजून महिनाभर लांब आहे. तू यावेस असे मला वाटते. नाही आलीस तरी घर तुझेच आहे, त्याला अट नाही.

येणेप्रमाणे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून साक्षीदारांसमोर मोठ्याने वाचले. जे लिहिले आहे तेच वाचले.

वामन लोटू असीरकर
मुक्काम बऱ्हाणपूर, ता. ११ एप्रिल १९४५

साक्षीदार:
१. निर्मला दिगंबर सोनार, मुख्याध्यापिका, बऱ्हाणपूर
२. चुडामण दगा पेटीवाले, राहणार लालबाग

साक्षीदार नंबर दोनची नोंद, त्यांच्या सांगण्यावरून त्यांच्याच शब्दांत साक्षीदार नंबर एकने लिहिलेली: मास्तरनं पाच कलमं वाचली. सहाव्याले त्यायचा आवाज फुटला नाही. कागद माह्या हातात देला. मले धड वाचता येत नाही, अक्षर अक्षर लावून वाचलं. जसं लिहेल व्हतं तसंच वाचलं. मास्तर लहान लेकरावानी रडत व्हते. हेबी लिहा, पोरीले कळू द्या.