धनीबाईची कार्डं

प्रिय दीपा,

अक्षर ओळखून पाकीट बाजूला ठेवू नकोस. ती खोड माझी, तुला नको.

एकोणीस वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही. बबलूशी लग्न करून तू मारेगावला गेलीस आणि तांड्यावरचा जावई नको म्हणून मी आईलाही शपथ घातली, पोरीशी बोलायचं नाही. खरं सांगतो पोरी, थकून राह्यलो आता. गुडघे गेले, ऐकू कमी येतं, अकड तेवढी शाबूत.

मागच्या आठवड्यात रेडिओ केंद्रातून बोलावणं आलं. तिथं आता गाणी कॉम्प्युटरच लावतो. जुन्या रेकॉर्डची खोली रिकामी करायची, कोणत्या ठेवायच्या ते सांगा म्हणे. नव्या निवेदिकेनं विचारलं, काका, तुम्ही गाणी कशी निवडायचे? काय सांगू तिला! सोमवारी फर्माईशीच्या कार्डांचं पोतं टेबलावर ओतायचं, गाण्यांप्रमाणे गठ्ठे लावायचे. रेकॉर्ड वाजवली की कव्हरवर शिसपेन्सिलीनं तारीख टाकायची, आणि पंधरा दिवसांच्या आतली तारीख दिसली की ती परत कपाटात. एकाच गळ्याची दोन गाणी लागोपाठ नाहीत. पाऊस लांबला की पावसाची नाहीत, लोक शिव्या घालतात. वेचणीच्या दिवसांत दुपारी ठेक्याची, कारण बाया रेडिओ शेताच्या धुऱ्यावर ठेवून कापूस वेचायच्या. सगळं डोक्यात. चुकलं तर आर्णीच्या बाजारात माणसं अडवून विचारायची, काहून भाऊ, कालचं ते रडकं गाणं कायले लावलं?

आणखी एक नियम होता. केंद्रातल्या माणसाच्या घरची फर्माईश घ्यायची नाही.

तू गेल्यावर चार महिन्यांनी घाटंजीच्या कुण्या धनीबाईचं कार्ड आलं. मारेगावच्या दीपासाठी झोक्याचं गाणं लावा. तू गॅदरिंगमध्ये नाचलीस तेच. घाटंजी आईचं माहेर, आणि अक्षरही आईचंच. तिच्या किराण्याच्या याद्या वाचण्यात माझा जन्म गेला, ओळखणार नाही? शपथ तिनं मोडली नाही, बिचारी रेडिओकडून बोलायला गेली. मग मी निवृत्त होईपर्यंत, साडेतीन वर्षं, दर महिन्याला कार्ड. मी वरच्या दोन ओळी वाचायचो आणि कार्ड त्या झोक्याच्या गाण्याच्याच रेकॉर्डच्या कव्हरात खुपसायचो. नियम आहे, मी काय करू, असं मनाला सांगायचो. नियम कसला, राग होता माझा. फर्माईशीचा कार्यक्रम गुरुवारी दुपारी लागायचा, पण आधीच रेकॉर्ड केलेला असायचा, म्हणून तेव्हा मी जेवायला घरी असायचो. ती हातातलं काम टाकून रेडिओपाशी बसायची. शेवटचं गाणं संपलं की उठून चहा ठेवायची. मी तो चहा प्यायचो, दीपा.

परवा ती रेकॉर्ड हाती आली आणि कव्हरातून बेचाळीस कार्डं खाली पडली. पहिल्यांदाच शेवटपर्यंत वाचली. फर्माईश करणाऱ्या सगळ्यांची नावं खाली लिहायची आपल्याकडे रीत. प्रत्येक कार्डावर धनीबाईच्या खाली तिनं लिहिलंय, ‘आणि दीपाचे बाबा’. बेचाळीस वेळा तिनं मला तुझ्यापर्यंत पाठवलं आणि बेचाळीस वेळा मीच मला अडवलं. येत्या गुरुवारी दुपारी एक वाजता केंद्रानं मला अर्धा तास दिलाय, जुन्या पद्धतीनं गाणी लावायला. झोक्याचं गाणं लावणार आहे, नावं सगळी वाचणार आहे. आईला सांगितलं नाही. ती अजूनही दर गुरुवारी बसते, तशी रेडिओपाशी बसेल. तू मारेगावात नको ऐकूस. बबलूला घेऊन घरी ये, तिच्याजवळ बसून ऐक. मी केंद्रात असेन, तेव्हा दार आईच उघडेल. तुम्ही थांबलात, तर चहाच्या वेळेला मी येतो.

तुझाच,
कार्डावर शेवटी नाव असलेला,
बाबा