काकाला न दिलेला निरोप

बाबा,

काका गेला. मंगळवारी, दुपारी, जेवणं व्हायच्या वेळेला. शाळेत मी ‘काका गेले’ असं सांगून दोन दिवसांची रजा घेतली, पण तुम्हाला लिहिताना ‘गेले’ लिहिता येत नाही. मरताना तुम्ही त्याच्यासाठी माझ्याजवळ एक निरोप ठेवला होता. बारा वर्षं तो माझ्याजवळच राहिला. काका जिवंत असेपर्यंत मी तो त्याला दिला नाही. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढे लिहिताना स्वतःची बाजू सावरायचा मोह होणार नाही.

तुमचा मार मला अजून अंगात आठवतो. तुम्ही समुद्रावरून आलात की आई आधी अंगणातल्या तुमच्या पावलांचा आवाज ऐकायची आणि त्यावरून आम्ही कुठे बसायचं ते ठरवायची. पेज खारट झाली म्हणून उकळता टोप तुम्ही तिच्या अंगावर फेकलात, त्याचा डाग तिच्या गळ्याखाली शेवटपर्यंत होता. माझ्या पाठचा भाऊ जन्मलाच नाही, कारण सातव्या महिन्यात तुम्ही तिच्या पोटात लाथ घातलीत. काकाला तर तुम्हीच वाढवलं, आईबाप लवकर गेल्यावर. वाढवलं म्हणजे चुकला की माडाला बांधून ओल्या दोराने फोडून काढलं. त्याच्या दंडांवरचे वण मी पाहिले आहेत. तरी रापणीत तुमचा शब्द चालायचा. ते लांबलचक जाळं होडीने आत नेऊन टाकायचं आणि दोन्ही टोकांचे दोर धरून तीस-चाळीस माणसांनी किनाऱ्यावरून ओढायचं, त्या सगळ्यांत तुमचा आवाज मोठा. हंगामाची पहिली रापण पाण्यात जायच्या आधी गाऱ्हाणं घालायचा मान आपल्या घराकडे होता. तुम्ही नारळ हातात धरून देवाला हाक मारायची, एकेक मागणं मांडायचं, आणि दोराशी उभ्या असलेल्या सगळ्यांनी प्रत्येक मागण्यावर ‘व्हय म्हाराजा!’ म्हणायचं. कोणी शब्द ऐकत बसत नसे. तुम्ही थांबलात की ‘व्हय म्हाराजा’ आपोआप बाहेर पडायचं.

मग पाकट माशाच्या शेपटीचा काटा तुमच्या पोटरीत मोडला. गावठी औषधांनी पाय सडला, काळा पडला, आणि शेवटी लॉरीत घालून तुम्हाला मिशनच्या दवाखान्यात नेलं. तीन महिने तुम्ही तिथे होतात. मी आईबरोबर आले तेव्हा एक नर्स तुमच्या पायातला पू धूत होती, नाक न मुरडता, आणि तुम्ही तिच्याकडे असे बघत होतात जसं कोणी तुम्हाला मारतच आहे. दुपारी एक पाद्री येऊन पुस्तकातलं वाचून दाखवायचा. तुम्ही त्याला लाथेची गोष्ट सांगितलीत. येशूने तेही पाप स्वतःच्या अंगावर घेतलं आहे, मनापासून विश्वास ठेवलात आणि तोंडाने कबूल केलंत की तारण झालं, त्यासाठी काही द्यावं लागत नाही, असं तो म्हणाला. तुम्ही तीनदा विचारलंत, “माझ्यासारख्याक पण?” हे तुम्हीच मला पुढे सांगितलंत.

तुम्ही घरी आलात त्या सकाळी आई चुलीवर बांगडे भाजत होती. दारात काठी टेकून तुम्ही म्हणालात, “गो, माका सोडवल्यान. सगळा माफ केल्यान.”

“कोणी?” आईने बांगडा उलटला.

“येशून.”

“लाथ माका बसली हुती. त्याका खंय लागली?” आई म्हणाली. “माका न इचारता माफ करणारो तो कोण?”

आता काठी उठणार म्हणून मी भिंतीला सरकले. तुम्ही काठी खाली ठेवलीत, मातीवर बसलात आणि मोठ्याने रडायला लागलात. आई खरी घाबरली ती तेव्हा. “उठा, उठा, शेजारी बगतले,” म्हणत तिने दार लोटून घेतलं. मार तिच्या ओळखीचा होता, हे नव्हतं. माफी तिने दिली नाही. ताट वाढलं. त्या दिवसापासून तुम्ही आमच्यावर हात उचलला नाहीत, आणि तरीही मला कितीतरी महिने तुमचा हात वर गेला की डोळे मिटायची सवय राहिली, मग तो हात फळीवरचा तांब्या काढायला का गेलेला असेना.

पण तुम्हाला गप्प बसवत नव्हतं. होडी हाकणारा तांडेल, शेजारची म्हातारी, काका, ज्याच्याकडे बघाल तो तुम्हाला बुडताना दिसायचा. “माका कळला आणि मी सांगूक नाय, तर तेंचा रगत माझ्या हातार,” असं तुम्ही म्हणायचात. पाद्र्याने तुम्हाला सांगितलं होतं की लोकांना साध्या शब्दांत सांगा, त्यांच्यासाठी प्रार्थना करा. त्या बिचाऱ्याला आपल्याकडची रीत ठाऊक नव्हती, आणि तुम्हाला प्रार्थनेची दुसरी रीत ठाऊक नव्हती.

नारळी पुनवेनंतरचा तो दिवस. ऊन स्वच्छ आहे, होडी पाण्यात अर्धी ढकललेली आहे, आम्ही बायका टोपल्या घेऊन सुरूंच्या बाजूला उभ्या आहोत. तुम्ही लंगडत पुढे येता आणि नारळ घेता.

“बा देवा म्हाराजा!”

“व्हय म्हाराजा!”

“आज ही तुझी लेकरां हयसर जमली हत.”

“व्हय म्हाराजा!”

“तेंचो जीव सांभाळ, जाळा भर, होडी राख.”

“व्हय म्हाराजा!”

“तुझ्या झिलान, येशून, आमच्या पापासाठी रगत सांडल्यान, ता आमी मानतो.”

“व्हय म्हाराजा!”

“आजपासून आमी सगळे तेचे. दुसरो देव आमका नाय.”

“व्हय...” आणि आवाज मध्येच मोडला. एका बहिऱ्या म्हाताऱ्याने तेवढं एकट्याने ‘म्हाराजा’ पुरं केलं. कोणीतरी फस्सकन हसलं.

“काय वदवून घेतलंस रे आमच्याकडसून?” तांडेल म्हणाला.

तुमचा चेहरा मी विसरू शकत नाही. तुम्ही दोन्ही हात पसरले होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि तुम्ही म्हणत होतात, “तोंडान कबूल केल्यात! सुटल्यात रे, सगळे सुटल्यात!” तुम्हाला खरंच वाटत होतं की तुम्ही सगळी रापण एका दमात काठाला लावलीत.

पहिलं वल्हं काकाने उचललं. “माका माडाक बांधलंस, आज सगळ्या गावाक बांधलंस!” असं तो ओरडला, आणि वल्ह्याची धार तुमच्या डाव्या डोळ्यावर बसली. नारळ फुटतो तसा आवाज झाला, पण नारळ तुमच्या हातात अख्खा होता. मग सगळेच आले. दोराची टोकं, लाथा, बऱ्या होत आलेल्या पोटरीवर टाचा. तुमच्याच हातातला नारळ घेऊन कोणीतरी तुमच्या डोक्यात घातला. काका मात्र थांबला नाही. बाकीचे दमले तरी तो मारत होता, आणि रडत होता, आणि प्रत्येक फटक्याला मोजल्यासारखं ‘दादा, दादा’ म्हणत होता. शहाळी सोलायचा कोयता वाळूत पडला होता. तो मी उचलला आणि त्याच्या पाठीमागून गेले. मी पंधरा वर्षांची होते आणि त्याच्या मानेचा कुठला भाग ते मी ठरवलं होतं, हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. तुम्ही पडल्या जागेवरून माझा घोटा धरलात. चेहऱ्याची एक बाजू उरलीच नव्हती. “नको गो चेडवा,” एवढंच म्हणालात, आणि मी कोयता टाकला. त्या दिवशीही रापण टाकली गेली. दोर तुमच्या रक्तावरून ओढले. जाळ्याला तारली मासळी इतकी लागली की टोपल्यांत मावेना.

दुसऱ्या दिवशी गावाने नवा नारळ ठेवून उलटं गाऱ्हाणं घातलं आणि तोंडातून गेलेले शब्द परत मागितले. मान तांडेलाच्या घरी गेला. आपल्याला विहीर बंद झाली, कौलांवर दगड आले, बाजारात आईची टोपली लाथेने उडवली. तिचे भाऊ तिला न्यायला आले तेव्हा ती म्हणाली, “माका मारी तेवा सोडूक नाय, आता मार खाता तेवा सोडू?” आणि त्यांना चहा देऊन वाटेला लावलं.

पाद्री सायकलवरून आला आणि तुमच्या उशाशी बसला. “तुम्ही त्यांना सांगायला हवं होतं,” तो म्हणाला. “असं नकळत म्हणवून घेतलेलं देव धरत नाही. ही फसवणूक झाली.”

“फसवणूक?” तुम्ही म्हणालात. तो शब्द तुम्हाला वल्ह्यापेक्षा जास्त लागला. मला आजही ठरवता येत नाही की तुम्ही त्यांना फसवलंत, की तुम्हाला खरंच कळलं नव्हतं. उठता यायला लागल्यावर तुम्ही एकेका घरी माफी मागायला गेलात. मी तुमचा हात धरून यायचे. “माझा चुकला,” म्हणायचात, आणि समोरचा जरा नरम पडला की त्याच दमात, “पण रे, ता खरा आसा,” म्हणून परत येशूचं सुरू. “मेल्या, माफी मागूक इलंस की परत मार खाऊक?” असं तांडेलाच्या म्हातारीने विचारलं, आणि तुम्ही हसलात. दोन घरी मार खाल्लात, एका घरी कुत्रं अंगावर सोडलं. काकाच्या दारात दोनदा गेलात. दोन्ही वेळा आतून कडी लागली. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा तो विजयदुर्गाकडच्या होड्यांवर कामाला निघून गेला होता.

चैत्रात पाय पुन्हा चिघळला आणि या वेळी तुम्ही दवाखान्यात जायला तयार झाला नाहीत. शेवटच्या दिवशी सकाळी आई पाणी आणायला लांबच्या ओहोळावर गेली होती. तुम्ही मला जवळ बोलावलंत. “काकाक सांग, माझ्या मनात काय नाय. आणि सांग, मी तेका माडाक बांधी, ता माझा पाप. तेची माफी मागतंय म्हणान सांग. तो भियान मरता नये. सांगशीत मां?” मी म्हटलं, “सांगतंय.” हे शब्द मी पूर्ण शुद्धीत, ऐकून, समजून बोलले. माझ्याकडून कोणी वदवून घेतले नाहीत. तुम्हाला मसणवटीत जागा मिळाली नाही, आणि कॅथलिकांच्या इगर्जीच्या कबरस्तानातही नाही, कारण तुम्ही त्यांच्या पंथाचे नव्हतात. आपल्या घरामागच्या परड्यात खड्डा मी, आई आणि पाद्री असा तिघांनी खणला.

काका पंधराव्या दिवशी विजयदुर्गाकडून परत आला. अंगणाबाहेर उभा राहिला. “गो बाय, दादान माझा नाव काढल्यान काय?”

“नाय,” मी म्हटलं.

इतकं सोपं होतं ते. त्याच्या तोंडावरचा रंग गेला आणि मला आत गरम पेज प्याल्यासारखं वाटलं. त्यानंतर तो कधी मासळी आणून उंबऱ्यावर ठेवायचा. त्याच्यादेखत मी ती मांजरांना टाकायचे. मी सातवीची फायनल पास झाले, शाळेत शिकवायला लागले, आई गेली. गावही निवळलं. तुम्हाला लाथ मारणाऱ्यांची मुलं माझ्याकडे पाढे म्हणतात आणि मी त्यांना कधी छडी लावलेली नाही. लोक म्हणतात, बाई शांत आहे. तुमचं पुस्तक मी वाचते. त्यावर माझा विश्वास आहे की नाही, ते मला सांगता येत नाही, पण एवढं कळतं की तुमच्या देवाने काकाला सोडलं असतं, आणि मला ते नको होतं. निरोप माझ्या ताब्यात होता. दर वर्षी मी तो न देता त्याला एक फटका मारत होते.

त्याला पक्षाघात झाला आणि बघायला कोणी नव्हतं, म्हणून मी जायला लागले. त्याला पेज भरवायचे, अंग पुसायचे. दंडांवरचे वण रोज पुसायचे, तरी निरोप सांगितला नाही. रविवारी त्याने जड जिभेने विचारलं, “दादान माका शाप दिल्यान काय गो?” त्याची शेजारीण तिथेच बसली होती, ती माझ्याकडे बघू लागली. वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं. मी म्हटलं, “माका आठवणा नाय.” तो भिंतीकडे वळला. दोन दिवस तो थरथरत होता. थंडीने नाही.

मंगळवारी तो गेल्यावर शेजारीण माणसं बोलवायला धावली आणि मी त्याच्याजवळ एकटी राहिले. डोळे उघडेच होते. मी खाली वाकले आणि त्याच्या कानात सांगितलं की दादाने तुला माडाला बांधल्याची माफी मागितली आहे. कान अजून गार झाला नव्हता. उरलेलं वाक्य सांगायला मी तोंड उघडलं. बाहेर माणसांचे आवाज यायला लागले, पण ते अजून लांब होते, बाबा, माझ्याजवळ वेळ होता. तुमच्या मनात काही नाही, हे मला त्याच्या प्रेतालाही सांगवलं नाही.