दिव्याच्या कोनाड्याची उंची

इंझोरी,
मार्गशीर्ष शुद्ध पंचमी

प्रिय विजयमाला,

आजवर प्रत्येक पत्राच्या आरंभी तुझ्या नावामागे 'चि. सौ.' लिहिण्याचा माझा नेम होता. जगदेवराव गेल्यापासून त्यांतले दुसरे अक्षर लिहिता येत नाही, आणि त्याच्या जागी रूढीने जे लिहावयाचे, ते माझ्या लेखणीतून उतरत नाही. म्हणून केवळ नाव लिहिले आहे. ते मीच ठेवलेले असल्यामुळे मला ते अपुरे वाटत नाही.

धनजहून आलेले तुझे पत्र पोचले. 'माझ्यासाठी खोली बांधू नये. माहेरी मागच्या दाराने ये-जा करणारी बाई होण्यापेक्षा मी येथेच बरी.' वाक्ये निर्दोष आहेत. मी चष्मा लावून चूक शोधली. एखादी सापडली असती, तर तिच्याविषयी चार ओळी लिहून मला मोकळे होता आले असते. खोलीचे काम मात्र तुझे पत्र येण्यापूर्वीच सुरू झाले होते. तेव्हा ती कशी उभी राहत गेली, एवढे आधी ऐकून घे.

गवंडी मंगरूळपीरचा आहे, लखीराम. त्याला ठेवण्यापूर्वी मी त्याची परीक्षा घेतली. बाजाराच्या दिवशी त्याने बांधलेल्या एका ओट्यावरून हात फिरवून पाहिला, सांधे तपासले, आणि तरीही त्याला आपल्या अंगणात तुळशीचा कट्टा आधी बांधून दाखविण्यास सांगितले. तो कमरेवर हात ठेवून हसला. म्हणाला, "गुरुजी, साठ गावात माह्या भिती उभ्या हायेत, अन तुमी मले बाराखडी लिवाले लावता काय?" कट्टा त्याने उत्तम बांधला, परंतु बांधताना सबंध वेळ स्वतःची स्तुती चालू होती. असा आत्मप्रशंसक मनुष्य मी पाहिला नाही. तुझी आई आतून म्हणाली, "ठेवा त्याले. घरात आवाज तं होईन." जगदेवरावांची वार्ता आल्यापासून आपल्या घरात भांडेसुद्धा जपून ठेवले जात होते, हे त्या वेळी माझ्या ध्यानात आले.

जोते काळ्या दगडाचे घातले, वर भाजक्या विटा. लखीरामने पहिला प्रश्न विचारला तो दाराचा. शेजारचे दौलतराव पारावरून उठून आलेच होते; त्यांनी माझ्या आधी उत्तर दिले. लेक परत येऊन राहणार असेल, तर तिचे दार परसात, गोठ्याच्या अंगाला असावे. गावात सगळीकडे तसेच आहे. ते खरेच होते. मी विटा मोजू लागलो. लखीरामने रस्त्याकडची आणि परसाकडची अशा दोन्ही भिंती जोत्यापाशीच थांबविल्या आणि कडेच्या दोन वर चढविल्या. रोज सकाळी तो ओळंबा सोडीत विचारी, "ठरलं काय, गुरुजी?" रोज मी त्याला विटा नीट भिजल्या आहेत का ते पाहण्यास सांगत असे.

विजयमाला, त्या दिवसांत मला त्या अर्ध्या खोलीत बसण्याची सवय लागली. दोनच भिंती, वर आकाश. सायंकाळी कापसाच्या गाड्या रस्त्याने जात आणि त्यांची धूळ सोन्यासारखी होऊन एका अंगाने आत शिरे, परसातल्या शेवग्यातून दुसऱ्या अंगाने बाहेर पडे. ओल्या चुन्याचा गार वास येई. मी तेथे बाज टाकून डोळे मिटीत असे, आणि मला कोणाची तरी चाहूल लागे. परकराची सळसळ, मग तेलाच्या बुधलीचे झाकण, मग पायांच्या बोटांवर उभे राहताना घेतलेला एक लहानसा श्वास, लहानपणी दिवा लावताना तू घेत असस तसा. डोळे उघडावेसे वाटत नसत. उघडले तर समोर लखीराम विटेला थापीने ठोकत असलेला दिसे, आणि तरीही तो श्वास हवेत राहिलेला असे.

अशाच एका दुपारी त्याने मला काही विचारले. त्याच्या धंद्याची एक रीत आहे: ज्या बाईचा हात रोज दिव्याला लागणार, तिच्या छातीच्या उंचीला तो दिव्याचा कोनाडा ठेवतो, आणि त्यासाठी तिला भिंतीशी उभी करून माप घेतो. तू येथे नव्हतीस. "लेक केवढी हाय तुमची?" असे त्याने विचारले असावे. मी बाजेवर पडल्या पडल्या, अर्धवट झोपेत, हात हवेत धरून दाखविला. एवढी. त्याने मान हलविली आणि कामाला लागला.

दिवेलागणीला तुझी आई पाहण्यास आली. कोनाडा तिच्या कमरेच्याही खाली होता. "अवो, हे काय? माही विजू बसून दिवा लावन काय?" लखीरामला राग आला. "बाई, मले कायले बोलता? गुरुजीनं हात दाखवला तेवढी पोरगी धरली म्या. माही भित खोटी बोलत नाई." आईने माझ्याकडे पाहिले. मी तिला सांगू शकलो असतो की मला झोप लागली होती. परंतु तिने विचारलेच नाही. तिने वाकून त्या ओल्या कोनाड्यात पंजा टेकविला.

लखीराम तो फोडून वर घेण्यास निघाला होता. मी त्याला थांबविले, आणि त्याच श्वासात दार कोठे ते सांगितले. रस्त्याकडे, अगदी मधोमध. दौलतराव कुंपणापलीकडेच होते. "गुरुजी, असं दार काढलं तं लोक काय म्हनतीन?" मी योग्य शब्द शोधत होतो, तोवर तुझी आई म्हणाली, "लोकाईले सांगा भाऊजी, तुमच्यासाठी नाई काढलं." लखीराम इतका हसला की त्याच्या हातातली थापी चुन्यात पडली. दौलतरावही जाताना हसलेच. उद्या चौकटीला हात लावण्यास आपण येऊ, असे म्हणून गेले, आणि आले.

आता परसाकडची भिंत अखंड आहे. तिच्यात दार नाही, खिडकीही नाही. आपल्या घराच्या मागच्या बाजूने त्या खोलीत कोणालाही जाता येणार नाही. मलासुद्धा अंगणातून वळसा घालून, तुझ्या दाराशी येऊन हाक मारावी लागेल. चौकट उभी राहिली आहे, पण उंबरठा बसविलेला नाही. त्याखाली हळदकुंकू घालावयाचे असते आणि ते सवाष्णीच्या हाताने, असे शास्त्र आहे. तुझी आई म्हणते, खोली जिची हात तिचा. शास्त्राविषयी मी तिच्याशी प्रथमच वाद घातला नाही. तुझे नाही म्हणणारे पत्र माझ्यापाशी आहे. त्याचे उत्तर म्हणून हे लिहिले. माझ्या नातीला, गोमतीला, घेऊन ये. खालचा कोनाडा तिला बरोबर येईल, तिला टाचा उचलाव्या लागणार नाहीत. त्याच्या वर लखीरामने दोन विटा चुन्यावाचून, नुसत्या कोरड्या लावून ठेवल्या आहेत. त्या काढून तुझ्या मापाने करावयाचा तो दुसरा कोनाडा तुझा. तू किती वेळा पाहुणी म्हणून आलीस, परंतु भिंतीशी ताठ उभी राहिलेली मी तुला लग्नानंतर पाहिले नाही, आणि माप मला सांगता येत नाही.

तुझाच, अंगणापलीकडून हाक मारणारा,
नाना