मागच्या सीटवरचा कापूस

उस्ताद, आज त्याची गाडी माझ्या दारात आली. तुमच्या दारात म्हणायला पाहिजे, कारण संग्रामपूरचं शेड तेच आहे, बाहेरचा कडुनिंबही तोच, फक्त वरचे पत्रे बदलले. कोणाची गाडी ते तुम्ही ओळखलंच असेल. तुम्हाला भर बाजारात डिझेलचोर म्हणणारा तो बियाण्याचा शेट. आता बियाणं विकत नाही, कापूस घेतो. अळी लागतच नाही म्हणून बीटीची पाकिटं आमच्या गळ्यात यानंच मारली, आणि त्याच पाकिटांतला किडका कापूस पडेल भावात घ्यायला आज हाच उभा असतो. माझी सोनाळ्याची तीन एकरं त्यातच बसली आणि सव्विसाव्या वर्षी, लेकराचा बाप झाल्यावर, मी तुमच्याकडे पाना धरायला आलो. तुम्ही तेव्हा एवढंच म्हणाले होते, "उशिरा आला, पण आला." हे सगळं लिहिताना हात शाळेतल्या भाषेत जातो. तुम्ही वाचलं असतं तर हसले असते.

त्या दिवसाचा विषय तुम्ही मरेपर्यंत एकदाही काढला नाही, म्हणून मीच काढतो. पेरणीचे दिवस, त्याच्या दुकानासमोर पहाटेपासून रांग, आणि त्याची जीप गावोगाव पाकिटं वाटत फिरायची. जीप अवरेज देईना म्हणून तुमच्याकडे आली. तुम्ही नोझल पाहिले, फिल्टर पाहिला, चारही चाकं उचलून हातानं फिरवून पाहिली. मग गाडीखाली झोपल्या झोपल्या मला बोलावलं आणि मीटरच्या केबलचा नट दाखवला. पकडीचे ताजे ओरखडे होते त्याच्यावर. ड्रायव्हर केबल काढून सोनाळ्याच्या रस्त्यावर पॅसेंजर मारत होता. डिझेल जळायचं, किलोमीटर पडायचे नाहीत. मी म्हटलं, शेटले सांगा. तुम्ही कपड्याला हात पुसले आणि म्हणाले, "त्याची माय अंथरुणावर हाय. नोकरी जाईन त्याची. राहू दे." नट आवळला, ड्रायव्हरला बाजूला घेऊन समज दिली, आणि शेटला निरोप धाडला की गाडी आता ठीक अवरेज देईन.

आणि उस्ताद, याच तुम्ही मला महिनाभर आधी दहा जणांसमोर झापलं होतं. मी एका ट्रॅक्टरवाल्याला नुसतं "झालं काम" म्हणून वाटेला लावलं होतं, तेव्हा तुम्ही पेचकस माझ्या छातीवर ठेवून म्हणाले होते, "रोग काढला, अन् कारण कोन सांगन? तुहा बाप? कारण नाई सांगतलं तं गाडी परत येते, अन् आपली इज्जत जाते." तो लाकडी मुठीचा पेचकस त्याच दिवशी तुम्ही मला देऊनही टाकला. शिव्या दिल्यावर काहीतरी हातात द्यायची तुमची सवय होती.

बाजाराच्या दिवशी तो आला, कारण कोणी सांगितलं नव्हतं म्हणून त्याचं डिझेल तुम्हीच काढलं असं धरून. तुमच्यासमोर पार्ट धुवायची परात होती, डिझेलनं भरलेली, कोणत्याही मिस्त्रीकडे असते तशी. "हे काय हाय बे?" तुम्ही साठीचे, तो तिशीतला. तुम्ही म्हणाले, "पार्ट धुवाचं डिझेल हाय, शेट." त्यानं परात उचलली आणि तुमच्या पायांवर उपडी केली. "माह्याच गाडीतलं माह्याच पायापाशी सांडलं, पाहा रे," असं चहाच्या टपरीकडे तोंड करून म्हणाला, आणि माणसं हसली. पाय तुमचे होते, त्याचे नव्हते, पण हसणाऱ्यांना त्याचं काय. ड्रायव्हर जीपला टेकून खाली पाहत होता. तुम्ही एक शब्द बोलले असते तर सगळं तिथंच उलटलं असतं. तुम्ही वाकून परात सरळ केली. मी हातात पाना घेऊन नुसता उभा होतो. त्यानंतर ट्रॅक्टरवाले दुसरीकडे जायला लागले आणि तुम्ही कडुनिंबाखाली स्टुलावर बसून धुतलेलेच पाने परत धुवायचे. दोन उन्हाळे काढले तसे, मग गेले. डॉक्टरनं हार्ट सांगितलं. मी त्याचं नाव घेतो. त्याला मी माफ केलेलं नाही आणि करणारही नाही.

तर आजचं ऐका. गाडी हायब्रिड, पेट्रोल आणि बॅटरी दोन्हीवर चालणारी, दहा-बारा वर्षं जुनी, त्यानं पुण्याहून सेकंडहँड आणलेली. अकोल्याला जाऊन मी या गाड्यांचं काम शिकून आलो आहे, त्यामुळे आता अशी गाडी घेऊन माझ्याकडेच यावं लागतं. म्हणे वीसचं अवरेज बारावर आलं. तुमच्यासारखंच एकेक करून पाहिलं. चाकांत हवा बरोबर, ब्रेक चाकाला घासत नव्हते, हवेचा फिल्टर साफ. पण गाडी उभी असताना इंजिन बंद व्हायला पाहिजे, ते बंद होईना. मशीन लावून पाहिलं तर मोठी बॅटरी तापलेली. बॅटरी तापली की गाडी तिला कामाला लावत नाही, सगळा भार पेट्रोलवर टाकते. आणि मागच्या सीटमागून पंख्याचा घरघराट येत होता.

ही बॅटरी मागच्या सीटच्या आड असते. तिला गार ठेवणारा पंखा गाडीतलीच हवा ओढतो, सीटच्या कडेला छोटी जाळी असते तिच्यातून. रबरी हातमोजे घातले, बॅटरीचा प्लग काढला, सीट उचलली. जाळीत, नळीत, पंख्याच्या पात्यांत कापूस ठासून भरला होता. आधी मला कळेचना, मग सीटवरची पिशवी पाहिली. हा माणूस विकायला आलेल्या कापसाच्या प्रत्येक गाडीतून मूठभर कापूस काढतो, दोन अंगठ्यांत ओढून धागा पाहतो आणि तो नमुना मागच्या सीटवर, स्वतःच्या मांडीशी ठेवतो. डिक्कीत ठेवत नाही, पोत्यात बांधून ड्रायव्हरकडे देत नाही. कोणी बदलून टाकेल म्हणून. चार हंगाम त्याच्या संशयाची पिंजण जाळीत जात होती.

आज बाजारच होता. टपरीवर माणसं होती. मी कापूस ओढून ओढून बाहेर काढला, त्याच्या पायांपाशी ढीग केला आणि इतक्या वर्षांत घोकलेलं वाक्य तयार ठेवलं. म्हटलं, "शेट, इथं पहिले एक उस्ताद बसत होते. ध्यानात हाय काय?"

"कोन उस्ताद?"

"तुम्ही त्यायले डिझेलचोर म्हणलं होतं. त्यायच्या पायावर परात उपडी केली होती. चोर ते नोहते, तुमचा ड्रायव्हर होता."

त्यानं फोनमधून मान वर केली. आता काहीतरी बोलेल म्हणून मी थांबलो. तो म्हणाला, "असंन बा. लय जनायले लय काही म्हणलो असंन मी. तू गाडीचं सांग. हे काऊन होऊन राह्यलं?"

तुमचं नाव त्याच्या डोक्यात नव्हतं, उस्ताद. तुमचं आयुष्य घेतलं आणि त्याला आठवतही नाही. माझ्या हातात कापूस होता, तोंडात कारण होतं. बॅटरी गेली म्हणून खोटं सांगता आलं असतं, अकोल्यात एकानं त्याला तसंच सांगितलं होतं, पण तुमच्या शेडमध्ये उभं राहून खोटं निघेना. मी म्हटलं, "पंखा चोंदला होता. साफ केला. आता देईन अवरेज."

"पन काऊन चोंदला?"

"जुनी गाडी हाय, शेट. होते असं."

तो मान हलवून, पायाशी पडलेल्या कापसाकडे न पाहताच, चहाला गेला. तुम्ही कारण दाबलं ते एका माणसाची नोकरी वाचवायला. मी का दाबलं ते तुम्हाला सांगायची गरज नाही. मे महिन्यात पंखा परत चोंदेल, बॅटरी परत तापेल, आणि एखाद्या उन्हाळ्यात ती कायमची बसेल. तेव्हा तो विचारेल, आणि तेव्हाही मी सांगणार नाही.

हे कागद तुमच्या पेचकसाच्या खणात ठेवतो आहे, दुसरीकडे कुठं पाठवणार. एक गोष्ट मात्र राहिली. सीट परत बसवली तेव्हा तो टपरीवर चहा पीत होता. कापसाची पिशवी खाली जमिनीवर होती, ती मी डिक्कीत टाकू शकलो असतो. मी ती उचलली, तोंड सैल केलं, आणि माझ्या हातानं परत जाळीला टेकवून ठेवली.